वडिलांच्या मेंदूवर रक्त साठलंय म्हणायलेत, ऑपरेशन करावंच लागतं का?

जुळे_सोलापूरकर: वडील ७४ वर्षांचे. गणपतीच्या आधी बाथरूममध्ये घसरले, टेंगूळ आलं आणि बसलं पण. आता डावी चप्पल पायातनं निसटायलीय आणि त्यांना कळत नाही, चहा पिऊन झाला तरी परत मागतेत. सीटी केला तर क्रॉनिक सबड्युरल, म्हणजे मेंदूवरच्या पडद्याखाली हळूहळू साठलेलं जुनं रक्त आलंय. हार्टसाठी रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. डॉक्टर कवटीला भोक पाडून रक्त काढू म्हणायलेत, आई लई घाबरलीय. गोळ्यांनी विरघळत नाही का ओ?

न्यूरो_वॉर्ड_सिस्टर: दादा, चालणं बिघडलंय म्हणजे दाब आलाय, आता थांबू नका. वयानुसार मेंदू आकसतो, त्याच्या नि कवटीच्या मधल्या बारीक शिरा ताणल्या जातात, जराशा धक्क्यानं फाटतात आणि आठवडेच्या आठवडे रक्त हळूहळू झिरपत राहतं, त्यात गोळी असली की जास्तच. सीटीत ते चंद्रकोरीसारखं दिसतं, ताजं रक्त पांढरं, जुनं काळपट. छोटं असलं, त्रास नसला तर नुसतं लक्ष ठेवतेत. तुमच्यात बर होल, म्हणजे ते कवटीला छोटं भोक, लागेल, इंजिनऑइलसारखं काळं रक्त निघतं, एकदोन दिवस ड्रेन (उरलेलं रक्त बाहेर काढायची नळी) ठेवतेत म्हणजे परत साठायचं प्रमाण कमी होतं. आईंना सांगा, यातनं म्हातारी माणसं चांगली चालत घरी जातेत.

होटगी_रोड: आमच्या भावाचं वेगळं होतं, गाडीवरनं पडला, उठून नीट बोलला, पाणी प्याला आणि तासाभरात बेशुद्ध!! तेच का हे?

न्यूरो_वॉर्ड_सिस्टर: नाही, ते एक्स्ट्राड्युरल असणार, म्हणजे कवटी आणि मेंदूवरचा पडदा यांच्या मधे रक्त. कानशिलाजवळचं हाड मोडून धमनी फाटते, भिंगासारखा गोळा दिसतो, तिथं तासांचा खेळ असतो, लगेच कवटी उघडावी लागते. मधे शुद्धीवर असतो तेव्हाच घरचे फसतेत. आणि तिसरं सबअॅरॅक्नॉइड, म्हणजे आतल्या पडद्याखाली मेंदूलगत रक्तस्राव, मार न लागता पण होतं, धमनीला आलेला फुगा फुटतो. आयुष्यात कधी दुखलं नाही असं डोकं एका क्षणात दुखतं, उलटी, मान कडक. हे घरी पित्त म्हणून काढायचं नाही, १०८ ला फोन करायचा, डिस्प्रिन तर अजिबात द्यायची नाही. मेंदूची अँजिओ करून फुगा कॉइलनं (आत बारीक तार भरून) नाहीतर क्लिपनं (ऑपरेशन करून चिमटा लावून) बंद करतेत.

जुळे_सोलापूरकर: आजच अॅडमिट करतो ताई. गोळी आत्ताच बंद करू का?

न्यूरो_वॉर्ड_सिस्टर: मनानं नको, हार्टमध्ये स्टेंट किंवा व्हॉल्व्ह बसवलेला असेल तर गोळी बंद करण्याचा वेगळा धोका. गोळीचं पाकीट आणि शेवटची कधी घेतली ते लिहून न्या, रक्त पातळ करायची ती गोळी वॉरफेरिन असेल तर आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारी तपासणी) बघून आधी उतारा देतेत. परत कधी सुरू करायची ते डिस्चार्जच्या कागदावर लिहून घ्या, हे हमखास राहतं.