जेवताना मोबाईलसाठी आकांत: दुर्लक्ष केलं तर रडणं अजूनच वाढलंय, काय करू?

मालवणची_सूनबाई
नमस्कार मंडळी. मुलगा दुसरीत आहे, आम्ही मालवण तालुक्यात गावी राहतो, मिस्टर बोटीवर त्यामुळे महिनोन्महिने घरी नसतात, घरात मी, मुलगा आणि सासूबाई. जेवायला बसलं की ह्याला मोबाईल लागतो, नाही दिला की ताट सरकवणार, पडवीत जाऊन लोळणार, आकाशपाताळ एक करणार. एका मैत्रिणीने सांगितलं की बिहेवियर मॉडिफिकेशन म्हणून प्रकार असतो, नको त्या वागण्याकडे साफ दुर्लक्ष करायचं आणि चांगल्या वागण्याला स्टार द्यायचे. मी फ्रीजवर तक्ता लावला, रडण्याकडे बघायचं बंद केलं, तर रडणं कमी व्हायचं सोडून डबल झालं. आणि आमचं जेवण नेमकं दिवेलागणीला, त्यामुळे सासूबाई पदराखाली मोबाईल लपवून माजघरातून येतात, "घे रे बाबा, तिन्हीसांजेला रडू नये" म्हणून हातात देतात, की हा गप्प, भात मासे मुकाट्याने खातो. वर आता स्टारचं नवीनच. पेल्यात पाणी ओत म्हटलं तरी "किती स्टार?" हे सगळं खरंच कुठे चालतं का, की नुसतं पुस्तकातलं?

खाडीकाठचा_समुपदेशक
ताई, दुर्लक्ष केल्यावर आधी रडणं वाढणं हे अपेक्षितच असतं, त्याला एक्स्टिंक्शन बर्स्ट म्हणतात. इतके दिवस रडलं की मोबाईल मिळायचा, आता मिळत नाही, मग पोरगं जास्त जोरात रडून बघणार, ताट आपटून बघणार. इथे आईबाप घाबरून देऊन टाकतात आणि मुलगा शिकतो की साधं रडून भागत नाही, ताटच आपटावं लागतं. तुमच्याकडे तर अजून कठीण, तुम्ही देत नाही पण आजी कधीतरी देतात. स्किनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने उंदीर आणि कबुतरांवर हेच दाखवलं होतं, प्रत्येक वेळी बक्षीस मिळणाऱ्या सवयीपेक्षा कधीमधी मिळणारी सवय मोडायला जास्त चिवट असते. खाडीवर गळ टाकून बसणारा माणूस बघा, दोन तासात एक मासा लागला तरी दुसऱ्या दिवशी परत तिथेच. तेव्हा घरातल्या सगळ्यांचा नियम एक असल्याशिवाय दुर्लक्ष करायला जाऊच नका, अर्धवट दुर्लक्ष न केलेलं बरं.

दुसरं, त्याला त्या वेळी नक्की काय मिळतंय ते बघा. आठवडाभर वहीत लिहा, रडण्याच्या आधी काय झालं, त्याने काय केलं, नंतर त्याला काय मिळालं. मोबाईल हवाय, की तुमचं लक्ष हवंय, की ताटातली भाजी टाळायचीय, तिन्हीचे उपाय वेगळे. भाजी टाळायला रडत असेल आणि तुम्ही दुर्लक्ष करून ताट उचललंत तर त्याला हवं तेच दिलंत की. आणि दुर्लक्ष रडण्याकडे करायचं, मुलाकडे नाही. डोकं आपटणं, चावणं असं स्वतःला इजा होणारं काही असेल तर मात्र हे घरगुती प्रयोग बंद, आधी डॉक्टरला दाखवा.

स्टारबद्दल: तक्त्यावर एक किंवा दोनच गोष्टी ठेवा, त्याही मुलाला नीट कळतील अशा. "शहाण्यासारखं वाग" नको, "ताटावर बसून उठेपर्यंत मोबाईल मागितला नाही" असं. स्टार लगेच द्या, रात्री हिशोब करून नाही, सोबत तोंडाने सांगा कशाबद्दल दिला ते. सवय लागली की रोजचा स्टार एक दिवसाआड करा, मग सोडून द्या. आणि जे तो आपखुशीने करतो त्याला अजिबात स्टार नको. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तीन मानसशास्त्रज्ञांनी चित्र काढायला आवडणाऱ्या लहान मुलांना आधीच सांगून सर्टिफिकेट दिलं, तर नंतर मोकळ्या वेळात हीच मुलं बाकीच्यांपेक्षा कमी चित्रं काढायला लागली. पाणी ओतायचे स्टार आजपासून बंद.

कुडाळचो_आजो
गो बाय, आमच्या टायमाक खंयचे इले स्टार. आवशीन नुसते डोळे वटारले की काम व्हायचा, नाय तर शिरपुटी होतीच. आता पोरांक कायव बोलूचा नाय.

बहुवर्ग_शिक्षिका
आजोबा, शिरपुटीचा जमाना गेला, शाळेत तर शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्हीला बंदी आहे. आणि खरं सांगायचं तर शिक्षेने मुलाला काय करू नये तेवढंच कळतं, काय करावं ते नाही, आणि मारणारा समोर नसला की मूळपदावर.

वर्गात मी टोकन वापरते, आमची शाळा छोटी, चार इयत्ता आणि आम्ही दोघी. ही कल्पना मुळात दवाखान्यातली, अमेरिकेत इलिनॉयमधल्या ॲना स्टेट हॉस्पिटलमध्ये आयलॉन आणि ॲझरिन यांनी १९६० च्या दशकात मनोरुग्णांच्या वॉर्डात सुरू केली, अंघोळ, कपडे, कामं केली की टोकन आणि टोकन देऊन हव्या त्या वस्तू. मी टोकन म्हणून काजूच्या बिया घेतल्या. दुसऱ्याचं बोलणं होईपर्यंत थांबलात की बरणीत एक बी, बरणी भरली की सगळ्या वर्गाला फणसाखाली गोष्ट. एप्रिल आला आणि बरणी भराभर भरायला लागली, मी खूश, मग कळलं की कार्टी घरच्या बागेतल्या बिया खिशातून आणून हळूच टाकतायत! आता मी रंगवलेले शिंपले वापरते, त्याच्यावर माझी सही असते 😄 पण एक चांगलं झालं, बक्षीस सगळ्या वर्गाला एकत्र असल्यामुळे मागे पडणारा मुलगा एकटा पडत नाही, बाकीचे त्याला आठवण करून देतात. फक्त त्यांनी त्याच्यावर डाफरायला सुरुवात केली तर लगेच थांबवावं लागतं.

रोखठोक_चिपळूण
मला हा प्रकारच पटत नाही. माणसाचं पोर म्हणजे सर्कशीतलं जनावर नाही, हे कर मग बिस्कीट. आणि याच नावाखाली काय काय झालंय ते पण सांगा ना, अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये एका केंद्रात ऑटिस्टिक मुलांना वागणं सुधारायला विजेचे शॉक द्यायचे, एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधं-उपकरणं तपासणाऱ्या सरकारी खात्याने, २०२० मध्ये त्या यंत्रांवर बंदी घातली तर पुढच्या वर्षी कोर्टाने तीही रद्द केली.

खाडीकाठचा_समुपदेशक
रोखठोक, शॉकचं खरं आहे आणि त्याचं समर्थन करायचा प्रश्नच नाही. म्हणून तर पहिला प्रश्न हा असावा की हे वागणं बदलून फायदा कोणाचा, मुलाचा की आपली शांतता हवीय म्हणून. ऑटिस्टिक मूल हात हलवतं, त्याने कोणाचं काही बिघडत नसेल तर हलवू दे. पण बक्षीस आणि परिणाम आपण सगळे रोज वापरतोच, न बघता वापरतो एवढंच. आजी मोबाईल देते ते पण बक्षीसच आहे, फक्त रडण्याला.

आरोग्यसेविका_गुहागर
विषय मुलांचा आहे पण मोठ्यांनाही हेच लागू पडतं म्हणून लिहिते. आमच्याकडे बायका मिश्री लावतात, तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, पूड करायची आणि सकाळी न्हाणीच्या दाराशी बसून बोटाने दातांना. कॅन्सरचे फोटो दाखवून कोणी सोडत नाही, मान हलवतात आणि डबी कमरेला. मी विचारते पहिलं बोट कधी, उत्तर ठरलेलं, उठल्यावर चूल पेटवायच्या आधी, नाहीतर पोट साफ होत नाही. म्हणजे वेळ, जागा, डबी हे सगळं एकमेकाला जोडलेलं. मग डबी न्हाणीतून उचलून माळ्यावर ठेवायची, उठल्यावर आधी गरम पाणी, दात बाभळीच्या नाहीतर साध्या टूथपावडरने, आणि लावायची वेळ रोज थोडी पुढे ढकलायची. शेजारणीने विचारपूस केली की जास्त टिकतं, एकटीने नाही. शिवाय राष्ट्रीय तंबाखूमुक्ती क्विटलाईन आहे, १८००-११-२३५६, फुकट.

दापोली_मावशी
थोडं अवांतर, भाचा आठ वर्षांचा, अजून अंथरूण ओलं करतो, त्याला पण स्टार द्यावेत का?

खाडीकाठचा_समुपदेशक
मावशी, कोरड्या रात्रीला स्टार नको, झोपेत होणारी गोष्ट त्याच्या हातात नसते, न मिळालेला स्टार म्हणजे शिक्षाच. झोपण्याआधी लघवीला गेला त्याला द्या. आधी लघवी तपासून घ्या, बद्धकोष्ठ आहे का बघा. मग ओल लागताच वाजणारा अलार्म असतो, माउरर या मानसशास्त्रज्ञ नवराबायकोने १९३८ मध्ये त्याच्यावर लिहिलं होतं, डॉक्टर आजही सुचवतात, पण महिने दोन महिने घरच्यांना रात्री उठावं लागतं.

मालवणची_सूनबाई
सगळ्यांना थँक्यू. वही चालू केली, बऱ्यापैकी उलगडा झाला, मोबाईल तर हवाच असतो पण ज्या दिवशी मी शेजारी बसून जेवते त्या दिवशी गोंधळ कमी, मी वाढत उभी राहिले की जास्त. सासूबाईंशी पण बोलले, त्यांचं म्हणणं मोबाईलचा हट्ट नाही, फक्त दिवा लावताना घरात रडारड नको. मग जेवणच दिव्यानंतर ठेवलं, दिवा, शुभंकरोती, मग तिघं एकत्र बसतो, आणि जेवण झाल्यावर मोबाईल एक कार्टून. आधी जेवण मग कार्टून असं चालेल ना? की हे पण लाच?

खाडीकाठचा_समुपदेशक
चालेल, उत्तम आहे. आवडीचं काम नावडीच्या मागे लावायचं, याला प्रीमॅकचं तत्त्व म्हणतात. लाच ती, जी रडायला लागल्यावर कबूल करता. हे तुम्ही आधीच ठरवलंय. फक्त कार्टून संपल्यावर मोबाईल कुठे जाणार ते आजच ठरवा, दुसरा गोंधळ तिथे होणार.

मालवणची_सूनबाई
ते ठरलंय, सासूबाईंच्या कपाटात, चावी त्यांच्याच कनवटीला. पण गणपतीत मुंबईचे दीर येणार, पोरं टॅब घेऊन, तेव्हाचं काय?

बहुवर्ग_शिक्षिका
दिरांना आत्ताच फोन करून सांगा, आल्यावर सांगितलंत तर रुसतील.