फ्लॅट लावले की कोपरे उलट उजळ होतात, असं का?

कृत्तिका_ठाणे
वांगणीहून मृगातला एम 42 हा तेजोमेघ टिपला. कॅनन 600डी, 80 मिमी रिफ्रॅक्टर, आयएसओ 800, एकेक फ्रेम 60 सेकंदांची. फ्रेम एकत्र करणाऱ्या डीपस्कायस्टॅकर प्रोग्रॅमला लाइट (आकाशाच्या फ्रेम), फ्लॅट (एकसारख्या उजळ पृष्ठभागाच्या, कोपऱ्यांचा अंधार आणि धुळीच्या सावल्या टिपणाऱ्या) आणि डार्क फ्लॅट (फ्लॅटइतक्याच एक्स्पोजरच्या, झाकण लावून) दिले. डार्क (लाइटइतक्याच एक्स्पोजरच्या, झाकण लावून) आणि बायस (झाकण लावून, सर्वात जलद शटरच्या) नाहीत. फ्लॅटशिवाय कोपरे काळे येतात, ते कळतं. पण फ्लॅट लावले की ते मधल्या भागापेक्षा उजळ होतात. शिवाय धुळीचं एक करडं वर्तुळ जात नाही, वर त्याच्या शेजारी पांढरं वर्तुळ उमटतं. फ्लॅट घरी येऊन पुन्हा सगळं जोडून काढले होते. ते बिघडलेत का?

रोहिणी_शकट
कोपऱ्यांचा दोष फ्लॅटचा नाही, तेव्हा ते इतक्यात पुसू नका.

600डी प्रत्येक पिक्सेलच्या आकड्यात स्वतःहून साधारण 2048 मिळवतो. तो प्रकाश नव्हे, पण रॉ फाइलमध्ये असतोच. समजा आकाशाचा खरा प्रकाश मध्यभागी 4000 आहे आणि कोपऱ्यात निम्माच पोचतो, म्हणजे 2000. फाइलमध्ये दिसणार 6048 आणि 4048. फ्लॅट सांगतो, कोपऱ्याला 0.5 ने भागा. 4048 चे झाले 8096, मध्य मात्र 6048 च. झाला कोपरा उजळ! आधी 2048 वजा केले असते तर 2000 भागिले 0.5 म्हणजे बरोबर 4000 आले असते. फ्लॅटमधून तुम्ही डार्क फ्लॅट वजा केलेत, म्हणजे ते 2048 गेले; लाइटमधून काहीच नाही. सगळी गडबड तिथे आहे.

हे 2048 बायसमध्ये नोंदले जातात, आणि बायस आजही काढता येतील. झाकण लावा, आयएसओ 800 च ठेवा, शटर 1/4000, पन्नासेक फ्रेम. व्ह्यूफाइंडरवर काळं कापड टाका, तिथूनही प्रकाश शिरतो. हे बायस जपून ठेवा, पुढच्या वेळीही चालतील.

वर्तुळाचं मात्र मला वाईट वाटतं. कॅमेरा काढून पुन्हा बसवताना तो थोडा फिरला असणार किंवा धूळ सरकली. लाइटमध्ये सावली एका जागी, फ्लॅटमध्ये दुसऱ्या जागी. जिथे नाही तिथे प्रोग्रॅमने सावली पुसली, म्हणून पांढरं. त्या रात्रीचे फ्लॅट आता पुन्हा मिळणार नाहीत. यापुढे कितीही झोप येत असली तरी कॅमेरा सोडवण्याआधी, फोकसला हात न लावता फ्लॅट उरका. नळीवर पांढरा टी-शर्ट ताणून बसवा आणि पहाटेच्या उजळत्या आकाशाकडे रोखा. हिस्टोग्रामचा (उजळपणाच्या आलेखाचा) उंचवटा मध्याच्या आसपास हवा. टॅबलेटची स्क्रीन वापरणार असाल तर शटर फार जलद नको, लुकलुकीचे पट्टे येतात.

दक्षिण_गोल
डार्कचं कुणी बोलत नाही म्हणून लिहितो. थंड न केलेल्या सेन्सरवर डार्क करंट (प्रकाश नसतानाही उष्णतेने जमणारा संकेत) साधारण दर सहा-सात अंशांना दुप्पट होतो. जानेवारीचे डार्क मेमध्ये लावलेत तर गरम पिक्सेल (प्रकाश नसतानाही उजळ दिसणारे) धड जाणार नाहीत. एक्स्पोजर आणि आयएसओ तेच ठेवून त्याच रात्री, त्याच मोकळ्यावर काढा.

रोहिणी_शकट
खरंय, पण 600डीचं तापमान रात्रभर सरकतच असतं, त्यामुळे चांगले जुळणारे डार्क विरळाच. मी तो वेळ लाइटला देते आणि दर काही फ्रेमनंतर माउंट (दुर्बीण धरून फिरवणारा आधार) थोडा हलवते, म्हणजे डिदरिंग. गरम पिक्सेल मग ताऱ्यांच्या मानाने जागा बदलतात आणि सिग्मा क्लिपिंगमध्ये, म्हणजे बाकी फ्रेमशी न जुळणारे आकडे वगळताना, गळून पडतात. बायस आणि फ्लॅट मात्र मी कधीच सोडत नाही.

कृत्तिका_ठाणे
बायस दिले. कोपरे सपाट झाले! तलवारीच्या बाजूचा फिकट धूर पहिल्यांदाच दिसतोय. वर्तुळ कडेला आहे, ते कापून टाकते. आणि रोहिणीताई, माझा ट्रॅकर (ताऱ्यांमागे कॅमेरा फिरवणारं यंत्र) फक्त एकाच अक्षावर फिरतो, त्यावर डिदरिंग हाताने जमेल का?

रोहिणी_शकट
जमेल. दहाएक फ्रेमनंतर थांबा, स्लो मोशनच्या (हळू सरकवायच्या) नॉबने दोन्ही दिशांना किंचित सरकवा, हादरा शमू द्या आणि पुढे चालू. दर वेळी वेगळ्या दिशेला मात्र, एकाच रेषेत नको.