मदत हवी आहे: गाणी रेकॉर्ड करायला अजिबात आवाज न करणारा कॉम्प्युटर, बजेट ४५ हजार

कपाशी:
नमस्कार मंडळी. आखाजी (अक्षय्य तृतीया) आठ दिवसांवर आली आहे, त्यामुळे जरा लवकर सांगा. आई आणि मावशीची आखाजीची गाणी धरणगावला घरीच रेकॉर्ड करतोय. मागे कॉम्प्युटरचा आवाज येतो. सॉफ्टवेअरमधून काढायला गेलो तर आई पाण्याच्या टाकीत उतरून गातेय असं वाटायला लागलं. म्हणून नवीनच घ्यायचा आहे. जळगावच्या एका दुकानात विचारलं, त्याने ग्राफिक कार्डासकट ६२ हजारांचं कोटेशन हातात ठेवलं. प्रोसेसर, रॅम, कॅबिनेट कोणतं घेऊ? फक्त यादी द्या.

मेहरूणचं_बोर:
माइक कोणता? इंटरफेस, म्हणजे माइक कॉम्प्युटरला जोडणारा डबा, आहे का? आत्ताचा कॉम्प्युटर कोणता, कुठे ठेवलाय? आवाज घूंऽऽ असा आहे की घर्रर्र असा?

कपाशी:
माइक चांगला आहे. आवाज म्हणजे आवाज. यादी द्या ना भो.

बिनपंख्याचा:
फॅनलेस मिनी पीसी घे, विषय संपला. पंखाच नाही तर आवाज करणार कोण? आत फिरणारी हार्ड डिस्क नको, न फिरणारी एसएसडी. मी नाशिकला दोन वर्षं वापरतोय. रात्री चालू आहे की बंद ते दिवा बघून कळतं.

तापीकाठ:
नाशिकची हवा भुसावळला सांगू नका दादा. इथे मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो. रेकॉर्डिंगला कूलर बंद, छताचा पंखा बंद, खिडकी बंद. त्या खोलीत तुमचा फॅनलेस डबा म्हणजे भाकरीचा तवा. प्रोसेसर तापला की स्वतःच वेग कमी करतो आणि गाणं मध्येच तुटतं.
पंखा हवाच, पण मोठा आणि हळू फिरणारा. १२० किंवा १४० मिलिमीटरचा, मिनिटाला ६००-७०० फेरे. ८०चा छोटा पंखा तेवढीच हवा ढकलायला जिवाच्या आकांताने फिरतो, तोच कानात घुसतो. बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाच उघडायचं सेटिंग) पंख्याचा वेग ठरवता येतो, तिथे बहुतेक लोक जातच नाहीत. ग्राफिक कार्ड कशाला? दोन बायका गाणार आणि त्याला ग्राफिक कार्ड! उलट आणखी एक-दोन पंखे वाढतील. रॅम १६ जीबी भरपूर झाली.

बिनपंख्याचा:
एक गाणं रेकॉर्ड करायला प्रोसेसरला कष्ट किती पडतात? उगाच तवा-बिवा. वापरून बघा, मग बोला.

तापीकाठ:
वापरलाय. मे महिन्यातच विकला.

बीटवाला_धुळे:
भाऊ, आखाजीच्या गाण्यांना डीजे बीट लावला तर तुफान चालतात. आईचा आवाज थोडा ट्यून करून घे, टेम्पो १२८ ठेव. मी करून देतो, इनबॉक्समध्ये ये.

कपाशी:
नको भाऊ. आई मला घराबाहेर काढेल.

अमळनेरची_लेक:
भिंतींना अंड्यांचे ट्रे लावा. माझ्या भावाने लावलेत, खोली एकदम शांत झाली.

जुनी_रील:
ट्रेने खोली शांत होत नाही ताई. बाहेरचा आवाज अडायला भिंतीला वजन लागतं, पुठ्ठ्यात ते कुठून येणार? घुमणं कमी करायचं असेल तर गाणाऱ्याच्या मागे दोरीवर दोन-तीन जाड गोधड्या टाका. खान्देशात गोधड्यांचा काय तुटवडा?
कपाशी, मूळ प्रश्नाचं बोलतो. कॉम्प्युटर कितीही शांत आणला तरी तो माइकच्या शेजारी कशाला? लोक तो बाहेर ठेवायला यूएसबीची तार लांबवतात आणि फसतात. यूएसबी २ची साधी तार ५ मीटरपर्यंतच नीट चालते. माइकची तीन पिनांची तार मात्र २०-२५ मीटर बिनधास्त जाते. कॉम्प्युटर आणि इंटरफेस मधल्या घरात राहू दे, माइकची तार तेवढी दाराखालून आत ने.

यावलकर:
ही गाणी अहिराणीतली आहेत का? आमच्याकडे आखाजीला लेवा गणबोलीतली म्हणतात. शब्द टाका ना कोणी.

पारोळा_एक्सप्रेस:
धरणगाव म्हणजे अहिराणीच शे! आखाजी म्हणजे अहिराणी.

यावलकर:
यावल, रावेर, फैजपूरच्या बायका काय मुक्याने झोका खेळतात का?

मेहरूणचं_बोर:
बोलीचं भांडण दुसऱ्या धाग्यावर न्या. कपाशी, माझी उत्तरं राहिलीत.

कपाशी:
बरं. माइक कंडेन्सर आहे, इंटरफेसवर ४८ व्होल्टचं बटण दाबावं लागतं. कॉम्प्युटर २०१७चा असेंबल केलेला, त्याच टेबलावर, माइकपासून दोन हातांवर. घूं पण येतो आणि घर्र पण. घर जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याच्या, मागच्या गल्लीत आहे.

मेहरूणचं_बोर:
हे पहिल्याच दिवशी सांगितलं असतंस तर! हे दोन वेगळे आजार आहेत. ४८ व्होल्ट बंद कर, इंटरफेसमधून माइकची तार काढ, गेनला (आवाज वाढवायच्या बटणाला) हात न लावता अर्धा मिनिट रेकॉर्ड कर. तरीही घूं आला तर तो विजेचा, आपल्याकडच्या ५० हर्ट्झचा. नवीन कॉम्प्युटर घेऊनही तो जाईलच असं नाही. घर्र मात्र माइकमधूनच येत असणार. बहुतेक माइक समोरून ऐकतात आणि पाठीकडून कमी. माइकची पाठ कॉम्प्युटरकडे कर.

पारोळा_एक्सप्रेस:
घूं येत असेल तर प्लगची तिसरी पिन काढून टाक. माझा लगेच गेला.

खटका:
असलं काही करू नका! मी वायरमन आहे. ती जाड पिन अर्थिंगची. ती काढली आणि आत कुठे करंट बॉडीवर आला तर तो हात लावणाऱ्याच्या अंगातून जाईल. आई हेडफोन घालून बसणार आहे, जरा विचार करा.
आधी अर्थिंगचा खड्डा बघा. उन्हाळ्यात माती कोरडी ठक्क होते आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. चार-पाच बादल्या पाणी हळूहळू जिरवा, मग वायरमनकडून तपासून घ्या. कॉम्प्युटर आणि इंटरफेस एकाच बोर्डावर लावा.

पारोळा_एक्सप्रेस:
तीन वर्षं झाली, मला काही झालं नाही.

खटका:
अजून.

कपाशी:
तार काढून पाहिलं. घूं तसाच, घर्र गायब. खड्डा न्हाणीमागे होता, वर भंगाराची सायकल टाकलेली. काल संध्याकाळी पाच बादल्या जिरवल्या. वायरमन उद्या येतोय, पण घूं आत्ताच बराच खाली गेलाय. हेडफोन लावून शोधावा लागतो.
आता घर्र. कॅबिनेटचं झाकण पहिल्यांदाच उघडलं. मागच्या पंख्याची पिन काढली, काही फरक नाही. मग प्रोसेसरवरचा पंखा सोडवला. खाली ॲल्युमिनियमच्या पट्ट्या दिसतच नव्हत्या. पंखा आणि पट्ट्यांच्या मध्ये कापसाच्या तुसाची करडी चकती बसलेली, बोटाने उचलली तर अख्खी निघाली, खाली पट्ट्यांचे ठसे उमटलेले. आईने ती हातात घेतली आणि म्हणाली, यात वात होईल.

तापीकाठ:
जिनिंगच्या मागे राहतो हे चार दिवस पोटात ठेवलंस! हवाच जात नाही म्हटल्यावर पंखा पूर्ण वेगाने फिरणारच. प्रोसेसर आणि पट्ट्यांमधली, उष्णता वाहून नेणारी जुनी थर्मल पेस्ट पुसून नवीन लाव, तांदळाच्या दाण्याएवढी.

कपाशी:
लावली. आधी रेकॉर्डिंग करताना ८८ अंश दाखवत होता, आता ६१. बायोसमध्ये जाऊन वेगही कमी केला. कॉम्प्युटर मधल्या घरात ठेवला, तार दाराखालून, आईच्या मागे दोन गोधड्या. खर्च म्हणजे पेस्ट आणि लांब तार.

बिनपंख्याचा:
वर्षभरात पुन्हा तूस साठेल. तेव्हा फॅनलेसच घेशील.

कपाशी:
तेव्हाचं तेव्हा. ४५ हजार आईने ऐकले, आता फ्रिज बदलायचं म्हणतेय.

यावलकर:
शब्दांचं काय झालं?

कपाशी:
चार गाणी झाली. तिसऱ्यात शेजारच्या कूलरची मोटर ऐकू येते, पण मावशी परत गायला तयार नाही. शब्द लिहून घेतोय, मावशी आणि आईचं एका ओळीवरून जमत नाहीये. फाइल वेव्ह ठेवू की एमपी३?

जुनी_रील:
वेव्ह, २४ बिट. पाठवायला हवी तर एमपी३ वेगळी काढ. आणि कॉपी दोन ठिकाणी, त्यातली एक त्या जिनिंगच्या गल्लीबाहेर.