सौर प्रकल्पात टर्बाइन नसते, मग वीज कशी तयार होते?

माळरान : धुळे जिल्ह्यात साक्रीजवळ शिवाजीनगर येथे महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे. औष्णिक केंद्रात कोळसा जाळून वाफ करतात आणि तिच्यावर टर्बाइन फिरते, एवढे मला ठाऊक आहे. येथे मात्र ना बॉयलर, ना टर्बाइन. मग उन्हाच्या उष्णतेची वीज होते तरी कशी? आणि मे महिन्यात ती सर्वाधिक मिळते, असे समजावे काय?

तारयंत्र : उष्णतेची नव्हे, प्रकाशाची वीज होते. पॅनेलमधील सेल म्हणजे सिलिकॉनची पातळ चकती; तिच्या एका थरात फॉस्फरस आणि दुसऱ्यात बोरॉन अत्यल्प प्रमाणात मिसळलेले असल्यामुळे दोहोंच्या सीमेवर कायमचे विद्युतक्षेत्र असते. प्रकाशाने मोकळा झालेला इलेक्ट्रॉन हे क्षेत्र एकाच दिशेला ढकलते आणि तार जोडली की प्रवाह सुरू होतो. एका सेलपासून जेमतेम अर्धा व्होल्ट मिळतो, म्हणून मोठ्या प्रकल्पांत असंख्य सेल एकसर जोडून दाब हजार-दीड हजार व्होल्टपर्यंत नेतात. ही डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज इन्व्हर्टर ५० हर्ट्झच्या एसीत, म्हणजे सतत दिशा बदलणाऱ्या विजेत बदलतो. पुढचे काम ट्रान्सफॉर्मरचे.

उन्हाळी : मे महिन्याबद्दल लिहितो. ऊन वाढले की प्रवाह वाढतो हे खरे, परंतु सेल तापला की व्होल्टेज घसरते. पॅनेलवर छापलेली क्षमता सेलचे तापमान २५ अंश धरून काढलेली असते. त्यापुढे प्रत्येक अंशाला साधारण ०.३५ ते ०.४ टक्के उत्पादन घटते. खानदेशातल्या मे महिन्याच्या दुपारी सेल सहज ६५ अंशांवर जातो, म्हणजे सहावा-सातवा हिस्सा तेथेच गेला! दिवस मोठा असल्याने महिन्याची बेरीज तरीही वाईट नसते. खरा खड्डा पावसाळ्यात पडतो.

माळरान : आभारी आहे. वाफेवर चालणारा सौर प्रकल्प मग कोठेच नसतो का?

तारयंत्र : असतो. स्पेनमध्ये सेव्हिल प्रांतात जेमासोलार हे केंद्र २०११ पासून चालू आहे. तेथे मनोऱ्याभोवतीचे २,६५० आरसे सूर्यकिरण शिखरावर एकवटतात, त्या ठिकाणी सोडियम आणि पोटॅशियम नायट्रेटचे वितळलेले मिश्रण ५६५ अंशांपर्यंत तापते आणि त्याच्या उष्णतेने वाफ करून टर्बाइन फिरवतात. हे मिश्रण टाकीत साठवता येत असल्याने सूर्यास्तानंतरही सुमारे १५ तास वीज मिळू शकते. साध्या पॅनेलला ही सोय बॅटरीवाचून नाही. राजस्थानातही आरशांची केंद्रे आहेत. मात्र आरशांना थेट ऊनच लागते. ढगाळ आकाशाखाली ती केंद्रे थांबतात, तर पॅनेल थोडी का होईना, वीज देतच राहते.