१२७००एफ गेममध्ये थेट १०० अंशांवर! लिक्विड कूलर घ्यावा की आधी काही तपासावं?

वऱ्हाडची_लेक

नमस्कार मंडळी, घरच्या गेमिंग मशीनबद्दल सल्ला हवा आहे. मी आणि माझी मुलगी दोघी त्यावर खेळतो, आणि तिचं कॉलेजचं ब्लेंडरचं (थ्रीडी चित्रांचं सॉफ्टवेअर) कामही त्यावरच चालतं.

मशीन असं आहे: कोअर आय-७ १२७००एफ, बी-६६० मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, आरटीएक्स ३०६०, ६५० वॉटचा एसएमपीएस. प्रोसेसरवर खोक्यातूनच आलेला इंटेलचा कूलर. कॅबिनेटला पुढे सबंध काच, तिच्यामागे लाइटवाले तीन फॅन आणि मागे एक.

गेम उघडला की फॅन ओरडायला लागतो. थोडा वेळ छान चालतं, मग ११० एफपीएसवरून (सेकंदाला दिसणारी चित्रं) एकदम पन्नासच्या आसपास येतं, पुन्हा वर जातं, पुन्हा खाली. एचडब्ल्यूइन्फो हे तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर लावून पाहिलं तर प्रोसेसर १०० अंशांवर, आणि ‘थर्मल थ्रॉटलिंग’समोर (तापल्यामुळे वेग कमी करणं) ‘येस’. ग्राफिक्स कार्ड मात्र ७२-७३ च्या वर जात नाही. नुसता ब्राउझर उघडा असला तरी प्रोसेसर साठीच्या घरात असतो.

अकोल्याचा मे महिना आहे. खोलीत कूलर लावूनही दुपारी ३६-३७ अंश असतातच. ज्यांच्याकडून मशीन जोडून घेतलं ते म्हणतात, ‘आय-सेव्हन आहे, तापणारच, २४० चा लिक्विड कूलर टाका’ (म्हणजे पंपाने द्रव फिरवून थंड करणारा). पैसे घालायला हरकत नाही, पण गरज असेल तरच. शिवाय १३व्या-१४व्या पिढीचे इंटेल प्रोसेसर खराब होत असल्याच्या बातम्या वाचल्या होत्या, त्याचीही धास्ती आहे. जाणकारांनी सांगावं.

रत्नागिरी_०२३५२

ताई, तात्पुरता उपाय सांगतो. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ‘मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट’ १०० ऐवजी ९९ करा. टर्बो, म्हणजे प्रोसेसरचा वाढीव वेग, बंद होतो, तापमान धाडकन खाली येतं. माझ्या लॅपटॉपला उन्हाळाभर हेच करतो.

मिटरवाला_नागपूर

९९ टक्क्यांचा उपाय लॅपटॉपला ठीक आहे, पण या प्रोसेसरला नको. १२७००एफच्या मोठ्या कोअर टर्बोत ४.९ गिगाहर्ट्झपर्यंत जातात, टर्बो बंद केला की २.१ वर येतात. एवढे पैसे मोजून घेतलेला आय-सेव्हन बांधून ठेवण्यात काय अर्थ आहे?

ताई, आधी धास्तीचं उत्तर देतो. ती भानगड १३व्या आणि १४व्या पिढीची. त्यात प्रोसेसर स्वतःच गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता आणि कालांतराने गेम क्रॅश व्हायला लागायचे. इंटेलने २०२४ च्या ऑगस्टपासून त्यावर मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचं अपडेट) दिला आणि त्या प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. तुमचा १२व्या पिढीचा आहे, त्याच्याशी याचा संबंध नाही. १०० अंश ही याची ठरवलेली कमाल मर्यादा आहे. तिथे पोचला की तो स्वतःहून वेग कमी करून स्वतःला वाचवतो, तेच तुम्हाला अटकल्यासारखं दिसतं. जळणार नाही. पण रोज त्या टोकाला चालवूही नये.

आता मुद्द्यावर येतो. लिक्विड कूलरची ऑर्डर आत्ता देऊ नका. उष्णता नेमकी कुठे अडते आहे हे आधी कळलं पाहिजे, आणि ते घरबसल्या कळतं.

सिनेबेंच हे प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारं चाचणीचं सॉफ्टवेअर उतरवून घ्या आणि मल्टी-कोअर चाचणी चालू करा. शेजारी एचडब्ल्यूइन्फोमध्ये ‘सीपीयू पॅकेज’ तापमान आणि ‘सीपीयू पॅकेज पॉवर’ या दोन ओळी उघड्या ठेवा. लक्ष किती वर जातं यापेक्षा किती वेगात जातं यावर ठेवा. बटण दाबल्याबरोबर एक-दोन सेकंदांत साठावरून शंभरावर उडी मारली आणि चाचणी थांबवताच तितक्याच पटकन खाली आलं, तर प्रोसेसरमधली उष्णता हीटसिंकमध्ये (कूलरच्या धातूच्या भागात) पोचतच नाहीये. म्हणजे कूलर नीट टेकलेला नाही, दोघांमधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट सुकली आहे किंवा पुरेशी लागलेली नाही. याउलट पाच-दहा मिनिटं हळूहळू चढत गेलं, तर उष्णता हीटसिंकमध्ये येते आहे पण कॅबिनेटबाहेर जात नाहीये. म्हणजे धूळ, अडलेली हवा, नाहीतर तापलेली खोली.

दुसरी चाचणी याहून सोपी. कॅबिनेटची बाजूची काच काढून ठेवा आणि तोच गेम तेवढाच वेळ खेळा. आठ-दहा अंशांचा फरक पडला तर दोष कॅबिनेटचा. एक-दोनच अंश पडला तर कूलरकडे वळा.

आणि पॉवरचा आकडा आवर्जून कळवा. १२७००एफवर ६५ वॉट लिहिलेलं असतं, पण टर्बोत तो १८० पर्यंत ओढू शकतो. इंटेलच्या हिशेबाने हे १८० थोड्या वेळापुरते असतात, मग त्याने ६५ वर उतरायचं. पण बरेच मदरबोर्ड मूळ सेटिंगमध्येच ही मर्यादा उठवून देतात, म्हणजे चाचणीत नंबर चांगला दिसतो. खोक्यातला कूलर ६५ वॉटच्या हिशेबाने दिलेला आहे, तो १५०-१८० वॉट सतत कसा काढणार?

शनिवारवाडा_१४४_हर्ट्झ

वरच्याला पूर्ण अनुमोदन. एकच भर: टास्क मॅनेजर उघडून रिकाम्या वेळी प्रोसेसर किती टक्के वापरात आहे ते बघा. क्रॅक केलेल्या गेमबरोबर चोरून क्रिप्टो मायनिंग करणारं काही आलं असेल, तर रिकामं मशीनही तापतं.

वऱ्हाडची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. चाचण्या केल्या. रिकाम्या वेळी वापर दोन-तीन टक्के, म्हणजे तसलं काही नाही. गेम सगळे विकतचेच आहेत.

सिनेबेंच सुरू करताक्षणी १००. पॉवर आधी १४० च्या पुढे, मग थ्रॉटल होऊन ८५-९० वॉटवर. थांबवलं की लगेच सत्तरच्या खाली. बाजूची काच काढून जेमतेम दोन अंशांचा फरक.

मिटरवाला_नागपूर

मग कूलर टेकलेलाच नाही. ८५ वॉटवर १०० अंश हे या खोलीत, या कूलरवरही होता कामा नये.

या कूलरला चार कोपऱ्यांत चार ढकलपिना असतात. जोडताना घाई झाली की एखादी पिन अर्धीच बसते आणि समोरून बघितलं तर चारही बसल्यासारख्या दिसतात. म्हणून मागून बघायचं. मशीन बंद करा, वायर भिंतीतून काढा, कॅबिनेटचं मदरबोर्डच्या मागच्या बाजूचं पान उघडा. प्रोसेसरच्या मागे मदरबोर्डच्या ट्रेला मोठी चौकोनी खिडकी असते. तिथे चारही भोकांतून प्लॅस्टिकचे पाय बाहेर आलेले आणि मधल्या पिनेने फाकलेले दिसले पाहिजेत. एखादा पाय फाकलेला नसेल, तर चोर सापडला.

तसं असेल तर नुसती पिन दाबून सोडून देऊ नका. कूलर एकदा हलला की जुन्या पेस्टमध्ये हवा शिरते, त्यामुळे नवी पेस्ट लावायचीच. क्रम असा. फॅनची वायर सोडवा. पिना बाणाच्या दिशेने फिरवल्या की सुटतात. कूलर सरळ वर ओढण्याआधी थोडा डावीकडे-उजवीकडे फिरवा. दोन्हीकडची जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा, धातू चकचकीत दिसेपर्यंत. मध्यभागी तुरीच्या दाण्याएवढी पेस्ट ठेवा. बोटाने पसरू नका, दाबाने पसरते. पिना परत उलट दिशेला फिरवून घ्या, मग समोरासमोरच्या तिरक्या जोड्यांनी दाबा: आधी एक आणि तिच्या तिरकस समोरची, मग उरलेल्या दोन. प्रत्येकीचा खट्ट आवाज आलाच पाहिजे. बोर्ड उभ्या कॅबिनेटमध्ये असताना दाबू नका, कॅबिनेट आडवं करा. शेवटी पुन्हा मागून चारही पाय बघा, आणि फॅनची वायर ‘सीपीयू_फॅन’ लिहिलेल्या जागीच लावा.

पेस्ट एमएक्स-४ किंवा एमएक्स-६ घ्या, छोटी ट्यूब पुरते. बिनानावाच्या पांढऱ्या पेस्टच्या वाटेला जाऊ नका, आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती फार लवकर कोरडी पडते.

रत्नागिरी_०२३५२

उघडताय तर फॅनही साफ करून घ्या. ब्लोअर मारताना पाती बोटाने धरून ठेवायची, जोरात फिरू दिली तर बेअरिंग जातं. आणि ताई, खोलीतल्या कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर नको. दमट हवेने तसं बिघडत नाही, कारण आतले भाग हवेपेक्षा गरमच असतात, त्यांच्यावर दव धरत नाही. पण जुनी जाळी असली की पाण्याचे थेंब उडतात, आणि त्यातले क्षार बोर्डावर बसतात.

वऱ्हाडची_लेक

सापडलं! मागून टॉर्च मारला तर वरच्या उजव्या कोपऱ्यातला पाय सरळच होता, फाकलेलाच नाही. कूलर काढला तर पेस्ट खालच्या बाजूला पातळ पसरलेली आणि त्या कोपऱ्यात जशी कंपनीने लावली तशीच जाड पट्टी, तिच्यावर प्रोसेसरचा स्पर्शसुद्धा झालेला नाही. म्हणजे मशीन घरी आलं तेव्हापासून असंच चाललं होतं. मुलीने टॉर्च धरला, मी पिना बसवल्या. चौथी खट्ट वाजली तेव्हा फार बरं वाटलं.

आता रिकाम्या वेळी ४६-४८. गेममध्ये ८४ ते ८८, अटकणं बंद. पण सिनेबेंचमध्ये अजून हळूहळू चढत १०० ला टेकतं, आणि ब्लेंडरचं मोठं रेंडर (अंतिम चित्र तयार करणं) लावलं तरी तेच. त्याचं काय करावं?

मिटरवाला_नागपूर

वा, ताई! हळूहळू चढतंय म्हणजे संपर्क आता नीट आहे. उरला तो वॉटचा हिशेब.

बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगमध्ये) जा. ‘लाँग ड्युरेशन पॉवर लिमिट’ किंवा ‘पीएल-१’ आणि ‘शॉर्ट ड्युरेशन’ म्हणजे ‘पीएल-२’ अशा दोन ओळी असतील. काही बोर्ड आधी विचारतात की बॉक्स कूलर आहे, टॉवर आहे की वॉटर कूलर. तिथे बॉक्स कूलर निवडलं की काम होतं. हाताने घालायचं तर पीएल-१ ला ६५ आणि पीएल-२ ला ११०-१२० ठेवा. गेम सहसा सगळ्या कोअर एकदम पिळत नाहीत, त्यामुळे खेळताना फरक क्वचितच जाणवेल. रेंडरला मात्र वेळ वाढेल.

तो वेळ वाचवायचा असेल, तर कूलर बदलण्यात अर्थ आहे. तरीही लिक्विड नको असं माझं स्पष्ट मत आहे. चार हीटपाइपचा (उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्यांचा) साधा टॉवर एअर कूलर घ्या. डीपकूलचा एजी४०० किंवा एके४००. थोडं जास्त बजेट असेल तर थर्मलराइटचा पियरलेस असॅसिन १२० एसई, त्यात दोन टॉवर आणि सहा पाइप आहेत. यांतल्या कशावरही पीएल-१ १२५ वर ठेवून रेंडर करता येईल.

घेण्याआधी दोन मापं बघा. एजी४०० ची उंची १५० मिलिमीटर, बाकी दोघांची १५५. तुमचं कॅबिनेट किती उंचीचा कूलर मावून घेतं ते त्याच्या माहितीपत्रकात असतं. दुसरं, खोक्यावर ‘एलजीए १७००’ लिहिलेलंच घ्या, ते तुमच्या प्रोसेसरच्या सॉकेटचं (मदरबोर्डवरच्या बैठकीचं) नाव. आधीच्या सॉकेटची भोकं ७५ मिलिमीटरवर होती, याची ७८ वर आहेत. जुना साठा गळ्यात मारला तर बसणारच नाही.

लिक्विडला माझा विरोध नाही, २५० वॉट ओढणाऱ्या प्रोसेसरला तो लागतो. पण त्यात पंप असतो, आणि पंप बंद पडला की मशीन जागेवर थांबतं. एअर कूलरमध्ये बिघडला तर एक फॅन बिघडतो, तो कुठेही मिळतो. शिवाय दोन्ही प्रकार खोलीतल्या हवेवरच थंड होतात. खोली ४० अंशांवर असेल तर लिक्विड कूलरही त्याखाली नेऊ शकत नाही. म्हणून उन्हाळ्यात नुसता आकडा बघू नका, त्यातून खोलीचं तापमान वजा करून बघा. ३७ च्या खोलीत ८५ म्हणजे हिवाळ्यात २२ च्या खोलीत साधारण ७०. हे अगदी चांगलं आहे.

शनिवारवाडा_१४४_हर्ट्झ

कॅबिनेटची पुढची काचही कधीतरी विचारात घ्या. काचेमागचे फॅन दिसतात छान, पण हवा बाजूच्या बोटभर फटीतून ओढतात. पुढचं पान निघत असेल तर उन्हाळ्यापुरतं काढून बारीक जाळी लावा. आणि गेममध्ये एफपीएसला मॉनिटरच्या हर्ट्झएवढी मर्यादा घाला. जे मॉनिटर दाखवूच शकत नाही ते काढायला प्रोसेसरने का तापायचं?

वऱ्हाडची_लेक

मर्यादा ६५ आणि ११५ लावली. रेंडरमध्ये आता ७८ च्या वर जात नाही, फॅनचा आवाजही निम्म्यावर आला. मुलीच्या सबमिशनआधी एजी४०० घेणार आहे, कॅबिनेटमध्ये १६० मावतो. पुढचं पान या रविवारी काढून बघते.

सोलापूर_एएम५

याच धाग्यात विचारतो. माझा एएमडीचा प्रोसेसर, रायझन ५ ७६००एक्स, सिनेबेंचमध्ये ९५ वर जाऊन तिथेच ठाण मांडतो. एके४०० आहे, पेस्ट नवी, फॅन स्वच्छ. माझंही काही सैल आहे का?

मिटरवाला_नागपूर

बहुतेक नाही, भाऊ. ७००० मालिका एएमडीने २०२२ मध्ये आणली तीच या बेताने, की पूर्ण भार असेल तर ९५ पर्यंत जायचं आणि जेवढी थंडावणी मिळेल तेवढा वेग काढायचा. क्लॉक, म्हणजे प्रोसेसरचा वेग, ५ गिगाहर्ट्झच्या वर टिकून असेल तर सगळं नीट आहे. खोली फार तापत असेल तर बायोसमध्ये ‘इको मोड’ ६५ वॉटवर लावा, प्रोसेसर जास्तीत जास्त ८८ वॉट ओढेल आणि तापमान बरंच खाली येईल. त्यानंतर कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये (व्होल्टेज कमी करायची सोय) सगळ्या कोअरना उणे १५ देऊन बघा. मशीन अधूनमधून स्वतःहून रीस्टार्ट व्हायला लागलं तर उणे १० वर या. गेममधलं तापमान किती आहे ते मात्र तुम्ही लिहिलं नाही, ते कळवा. गेममध्येही ९५ असेल तर वेगळं बघावं लागेल.