पहिले स्वतंत्र प्लंबिंगचे काम: मजुरी कशी ठरवावी?

प्रश्न (नाशिक)

नमस्कार. आयटीआयमधून प्लंबरचा अभ्यासक्रम पूर्ण केल्यानंतर मी चार वर्षे एका ठेकेदाराकडे हजेरीवर काम करत आहे. आता ओळखीतून पहिले स्वतंत्र काम मिळण्याची शक्यता आहे. तिसऱ्या मजल्यावरील जुन्या टू बीएचके फ्लॅटमधील दोन बाथरूम आणि स्वयंपाकघर यांची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) पाइपलाइन काढून कन्सील्ड (भिंतीत दडलेली) सीपीव्हीसी म्हणजे प्लास्टिकची लाइन टाकायची आहे, आणि फरशीचे काम झाल्यावर नळ, डायव्हर्टर (पाणी नळाकडे किंवा शॉवरकडे वळवणारा, भिंतीत बसणारा कॉक), कमोड व बेसिन बसवायचे आहे. सर्व माल मालक स्वतः आणणार असून मला केवळ मजुरीचा दर द्यायचा आहे. ठेकेदार मला दिवसाला 900 रुपये देतो. दर पॉइंटवर (दर जोडणीमागे) सांगावा, हजेरीवर (दिवसावर) सांगावा की उक्ता (सगळ्या कामाची एकच रक्कम)? आपल्यापैकी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

उत्तर 1

दर कोणत्याही पद्धतीने सांगा, पण आधी घरी बसून दिवस मोजा. जुनी लाइन काढून राडारोडा तीन मजले खाली नेण्यास दोन दिवस, दोन बाथरूमच्या झिऱ्या (पाइपसाठी भिंतीत पाडायच्या खाचा), पाइप, आउटलेट (सांडपाण्याची लाइन) आणि दाबचाचणी (लाइनमध्ये दाबाने पाणी भरून गळती तपासणे) यांना चार, स्वयंपाकघराला एक आणि फरशीनंतरच्या फिटिंगला तीन, असे दहा दिवस मी धरीन. शेवटचे तीन दिवस नवीन मुले हमखास विसरतात, कारण ठेकेदाराकडे असताना पाइपचे काम संपले की ती दुसऱ्या साइटवर जातात आणि फिटिंगला कोण आले हे त्यांना कळतही नाही.

तुमचे 900 रुपये हा तुमचा दर नव्हे. कटर मशीन, ब्लेड, पेट्रोल, दाब देण्याचा हातपंप आणि महिनाभराने ‘अँगल कॉक गळतो’ असा फोन आल्यावर मारावी लागणारी फुकट खेप, हे सगळे आजवर ठेकेदार सोसत होता. स्वतःचे 1,200 आणि हेल्परचे 650 धरले तर दहा दिवसांचे 18,500 होतात. त्यात ब्लेड व प्रवासाचे 1,500 आणि नंतरच्या खेपांसाठी अडीच हजार मिळवा. तुमच्या जागी मी 22,500 उक्ते सांगितले असते. तुमच्या भागातील हजेरी वेगळी असेल तर आकडे बदला, हिशेबाची रीत तीच ठेवा. सोसायटीत दुपारी मशीन चालवण्यास मनाई असेल तर झिऱ्यांचे दिवस वाढतील, म्हणून ती चौकशी दर देण्यापूर्वीच करा.

उत्तर 2

मी इंटिरियरची कामे करून घेते, त्यामुळे दुसऱ्या बाजूने सांगते. पॉइंटवर दर दिलात तर पॉइंट म्हणजे काय, हे लिहून द्या. वॉल मिक्सरला गरम आणि थंड असे दोन पॉइंट धरणारे प्लंबर आहेत, तसेच एक धरणारेही आहेत, आणि निम्मी भांडणे या एकाच मुद्द्यावर होतात.

दुसरी जागा डायव्हर्टरची. त्याच्या बॉडीवरील प्लास्टिकच्या टोपीवर कमीत कमी आणि जास्तीत जास्त खोलीच्या खुणा असतात. टाइलचा पृष्ठभाग त्या दोहोंच्या मध्ये यावा लागतो. तुम्ही बॉडी बरोबर बसवलीत आणि नंतर गवंड्याने मालाचा थर जाड दिला, तर बॉडी आत जाते, वरची प्लेट नीट बसत नाही आणि बोल मात्र प्लंबरला लागतो. म्हणून टाइलची पातळी गवंड्याकडून आधी भिंतीवर आखून घ्या, दाबचाचणीचा आणि त्या खुणांचा फोटो मालकाला पाठवा आणि नंतरची तोडफोड उक्त्या रकमेत धरलेली नाही, असे स्पष्ट लिहा.

पैसे तीन टप्प्यांत मागावेत: सुरुवातीला थोडी उचल, दाबचाचणीनंतर मोठा हिस्सा आणि फिटिंग झाल्यावर उरलेले. बिल मागितले तर साधे बिल द्या. वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या आत असून जीएसटी नोंदणी नसेल, तर बिलात जीएसटी आकारता येत नाही.

उत्तर 3

उक्त्याला माझी हरकत नाही, परंतु जुन्या इमारतीतील तोडकाम मी त्यात घालणार नाही. फरशी उकलल्यावर जुना नहाणी ट्रॅप (बाथरूमच्या जाळीखालचे सांडपाण्याचे भांडे) फुटलेला निघतो किंवा आउटलेटला उतारच नसतो, आणि मग खालच्या घराच्या छतापर्यंत प्रकरण जाते. तेवढा भाग हजेरीवर ठेवा व बाकीचे उक्ते द्या.

दुसरे असे की, आपल्या व्यवसायात अनेकजण मजुरी कमी सांगतात आणि हार्डवेअरच्या दुकानातून मिळणाऱ्या कमिशनवर ती भरून काढतात. तुमच्या कामात माल मालक आणणार आहे, म्हणून त्यांच्या दराशी तुमच्या दराची तुलना होऊच शकत नाही. मालकाने ‘दुसरा पंधरा हजारांत करतो’ असे म्हटले, तर त्या दरात माल कोण आणणार आहे, एवढे शांतपणे विचारा.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. तोडकाम दोघांच्या हजेरीवर आणि उरलेले काम 18,800 उक्ते (22,500 मधून तोडकामाच्या दोन दिवसांचे 3,700 वजा करून), असा दर लिहून देत आहे. टाइलच्या पातळीची अट त्यातच घातली आहे. आउटलेटच्या उताराची पाहणी मालकासमोरच करेन.