'क्युअर'ला उतारा म्हणावं का?

पानगळ:
'द व्हॅम्पायर डायरीज' या अमेरिकी मालिकेच्या शेवटच्या, आठव्या सीझनची (२०१६-१७, १६ भाग) मराठी सबटायटल्स हौसेने करते आहे. त्यात स्टेफन एन्झोला मारतो, तेव्हा बॉनी स्टेफनला 'क्युअर' टोचते आणि दीडशे वर्षांचा व्हॅम्पायर पुन्हा माणूस होतो. शेवटच्या भागात तो स्वतःचं रक्त भावाला, डेमनला टोचतो. डेमन माणूस होतो, स्टेफन जातो. मी सगळीकडे 'उतारा' लिहिलं. आईने वाचलं आणि म्हणाली, "अगं, उतारा म्हणजे तिठ्यावर ठेवतात तो." 'औषध' लिहून पाहिलं, तर खोकल्याचं वाटतं. काय करू?

सांजवात:
उताराच ठेवा. विषावर उतारा आपण म्हणतोच. ताप उतरतो, नशा उतरते, विंचू उतरवतात. रक्तात चढलेलं ते खाली यायलाच हवं. लहानपणी मला विंचू चावला होता, तेव्हा आजी रात्रभर पायाशी बसून एकच विचारत होती, "उतरला का गं?" औषध हा शब्द त्या रात्री कुणाच्या तोंडी नव्हता.

तत्सम:
विषाला प्रतिविष हा नेमका शब्द असताना सात-बाराचा उतारा, पुस्तकातला उतारा आणि भुताचा उतारा एकाच पोत्यात कशाला? शिवाय 'व्हॅम्पायर' तसाच का ठेवलात? रक्तपिशाच म्हणा. आणि कृपया पिशाच, पिशाच्च नव्हे. मूळ संस्कृतात दुसरा च नाही.

सांजवात:
मूळ काहीही असो, मराठीत पिशाच्च रुळलंय. शाळेत तसंच लिहिलं आणि गुरुजींनी तसंच तपासलं. आणि प्रतिविष कोण बोलतं हो? मरणाच्या दारात उभा माणूस "प्रतिविष आण" म्हणेल?

रानवारा:
पिशाच म्हणजे मांस खाणारा, पिशित म्हणजे मांस. रक्त पिणाऱ्याला ते लागू नाही. मेलेल्या देहात वस्ती करतो तो वेताळ. तोच जवळचा.

वेंगुर्ल्याचा:
वेताळ नको, विनंती आहे. आमच्या आरवलीत वेतोबा गावचा राखणदार आहे. नवसाला त्याला केळीचे घड आणि मोठाल्या चपला देतात, कारण रात्री गावभर फिरून त्याच्या चपला झिजतात अशी श्रद्धा आहे. गोव्यातही वेताळाची देवळं आहेत. ज्याच्या भरवशावर आमची माणसं रात्री दार लोटून झोपली, त्याला माणसांचं रक्त प्यायला लावू नका.

रानवारा:
हे माहीत नव्हतं. शब्द मागे घेतो. पण कथेतला वेताळ तर विक्रमाच्या पाठीवरच बसतो ना?

तत्सम:
मूळ मुद्दा उतरण्याचा होता. उतारा हा अवतरणावरून आलाय, म्हणूनच पुस्तकातल्या मजकुराला उतारा म्हणतात. त्यात बरं होणं कुठे आहे?

सांजवात:
अवतरण नाही, उत्तरण. पार होणं, बाहेर येणं. नदी उतरून जातो तसं.

पानगळ:
आईशी पुन्हा बोलले. ती म्हणाली, उतारा ओलांडू नये, कारण जो ओलांडतो त्याला ते लागतं. म्हणजे एकाचं दुसऱ्यावर जातं. मला स्टेफन आठवला. क्युअर अंगातून काढून घेतलं की थांबलेलं वय धावून येतं, पाचव्या सीझनमध्ये कॅथरीन या दुसऱ्या व्हॅम्पायरचं तसंच झालं होतं. भावाला देताना तो हे जाणून होता. मला तर आता आईचाच अर्थ जास्त पटतोय.

तत्सम:
पण तिथे बाधा जाते, इथे बरं होणं जातं. उलटा अर्थ. आणि तुम्ही 'सीझन' लिहिता. पर्व म्हणा. महाभारतातही शेवटचं पर्व स्वर्गारोहण आहे.

रानवारा:
पर्व नको. हंगाम. आंब्याचा असतो, ऊसतोडीचा असतो, मालिकेचा का नाही?

वेंगुर्ल्याचा:
आमच्याकडे उतारा 'ठेवत' नाहीत, 'टाकतात'. पानगळताई, तुमची आई कुठली?

सांजवात:
आमच्याकडे 'काढतात'. दहीभात, लिंबू, आणि मागे वळून बघायचं नाही.